झांस्करच्या पाण्यात उतरण्यापूर्वी

लडाखला थंड वाळवंट म्हणतात. हिमालयाच्या रांगा पावसाळी ढग अडवून धरतात आणि त्यांच्या पलीकडे लेहमध्ये वर्षभरात साधारण 100 मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या रत्नागिरीत एवढा पाऊस जुलैच्या एका दिवसात पडून जातो. तिकडे झाडे फक्त गावांभोवती दिसतात, बाकी सगळीकडे उघडे खडक, वाळू आणि धूळ. अशा कोरड्या मुलखातून झांस्कर नावाची नदी उन्हाळ्यात दुथडी भरून वाहते. पदुम गावाजवळ डोडा आणि लुंगनाक या दोन नद्या एकत्र येतात. तिथून निघालेली झांस्कर शंभर किलोमीटरहून अधिक अंतर उत्तरेकडे वाहते आणि लेहजवळच्या निमू गावी सिंधूला मिळते. वाटेतला बराचसा प्रवास उंच कड्यांच्या अरुंद घळीतून होतो. पाणी दगडांवर आपटून पांढरे होते, वळणावळणाला भोवरे तयार होतात.

हवा भरलेल्या मोठ्या रबरी होडीतून, म्हणजे राफ्टमधून, या घळीतून जाण्याचा बेत आमच्या चार घरांनी केला आहे. चार-पाच दिवस नदीवर आणि रात्री काठावरच्या तंबूत. ही गोष्ट घरात सांगितली तेव्हा वडीलधाऱ्यांनी एकच प्रश्न विचारला, "जीव धोक्यात घालायची ही कसली हौस?"

प्रश्न रास्त आहे. आपल्याच हातांनी स्वतःला विनाशात लोटू नये, अशी ताकीद कुरआनने सूरह अल-बकरामध्ये दिली आहे. त्याच कुरआनने सूरह अल-अनकबूतमध्ये माणसाला जमिनीवर फिरून अल्लाहने निर्मितीची सुरुवात कशी केली हे पाहायला सांगितले आहे. दोन्ही आदेश आपल्यासाठीच आहेत. मग वाट कशी काढायची? गेले काही महिने आम्ही याच प्रश्नाभोवती तयारी करीत आहोत. या नदीवर किंवा अशा कुठल्याही अवघड सफरीवर जाण्याचा विचार करणाऱ्या घरांना ती उपयोगी पडेल, म्हणून इथे मांडत आहोत.

भरवसा आणि बंदोबस्त

तिर्मिजीच्या संग्रहातील एक हदीस आपल्या घरांतली मुलेही सांगू शकतात. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू की बांधून ठेवू, असे एका माणसाने विचारले. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याला आधी उंट बांधायला आणि मग भरवसा ठेवायला सांगितले. स्वतः प्रेषितांनी (स.) मक्केहून मदिनेला हिजरत केली तेव्हाही वाटाड्या ठरवला होता, उंटांची सोय आधी केली होती आणि नेहमीची वाट सोडून दुसऱ्या दिशेने निघून सौर गुहेत तीन दिवस मुक्काम केला होता. ज्यांच्याइतका तवक्कुल कोणाचाही नव्हता, त्यांनी बंदोबस्तात कसूर केली नाही.

नदीवर हा विचार फार उपयोगी पडतो. "अल्लाह मालिक आहे" हे वाक्य आपल्याकडे पुष्कळदा तयारी संपल्यानंतर म्हटले जाते आणि कधी कधी तयारीऐवजी म्हटले जाते. दुसऱ्या प्रकारे ते म्हणायचे नाही, हे आम्ही पहिल्याच बैठकीत ठरवले.

पाणी येते कुठून

कोकणातल्या माणसाला नदीचे गणित पावसावरून कळते. ढग भरून आले की नदी चढणार. झांस्करचे गणित उन्हावर चालते. तिचे पाणी बर्फ आणि हिमनद्या वितळून येते. पेन्सी ला खिंडीतून दिसणारी द्रांग द्रुंग ही प्रचंड हिमनदी डोडा नदीचे उगमस्थान आहे. आकाश निरभ्र, ऊन कडक, म्हणजे सहलीला उत्तम दिवस, असे आपल्याला वाटते. तिथे अशाच दिवशी बर्फ जोरात वितळतो आणि ते पाणी वरून खाली पोहोचायला काही तास लागत असल्याने नदी संध्याकाळी आणि रात्री चढते. म्हणून तंबू पाण्यापासून दूर आणि उंचावर लावावे लागतात. होड्या रात्री काठावर चांगल्या वर ओढून, मोठ्या दगडांना बांधून ठेवाव्या लागतात. उंट बांधण्याची गोष्ट इथे शब्दशः लागू पडते.

पाऊस कमी म्हणून पावसाचा धोका नाही, असेही नाही. उघड्या डोंगरांवर पाणी धरून ठेवायला झाडे-माती नसते. थोडा वेळ जोराचा पाऊस झाला तरी कोरड्या नाल्यांतून चिखल आणि दगडांचा लोंढा खाली येतो. ऑगस्ट 2010 मध्ये लेह परिसरात एका रात्रीच्या ढगफुटीने दोनशेहून अधिक माणसांचा बळी घेतला. म्हणून कोरड्या नाल्याच्या तोंडाशी, वाळू कितीही मऊ आणि सपाट असली तरी मुक्काम करायचा नाही.

तिसरा धोका डोंगर कोसळण्याचा. 31 डिसेंबर 2014 रोजी झांस्करला मिळणाऱ्या त्साराप नदीत, फुगताल मठाच्या परिसरात मोठी दरड कोसळली आणि नदी अडून मागे तलाव तयार झाला. पुढे 7 मे 2015 रोजी तो बांध फुटला आणि खालचे पूल वाहून गेले. काठावरच्या लोकांना आधीच सावध केल्यामुळे माणसे वाचली. वर काय घडले आहे याची खबर खाली वेळेवर पोहोचली पाहिजे, हा त्यातला धडा. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी पदुममध्ये नदीची आणि हवामानाची ताजी खबर घ्यायची, हे आमच्या यादीत पहिल्या क्रमांकावर आहे.

नदीचे दिवस आणि शाळेचे दिवस

आमच्यात शिक्षक जास्त आहेत, त्यामुळे पहिली अडचण तारखांची आली. आपली मोठी सुट्टी मे महिन्यात. तेव्हा पेन्सी ला बर्फाने बंद असण्याचीच शक्यता जास्त. दिवाळीच्या सुट्टीत तिकडे कडाक्याची थंडी सुरू झालेली असते. राफ्टिंगचा हंगाम साधारण जुलै ते सप्टेंबरचा पहिला आठवडा, म्हणजे शाळा ऐन भरात असताना. जुलैत पाणी सर्वांत जास्त आणि प्रवाह सर्वांत जोरकस असतो. ऑगस्टच्या अखेरीस ते उतरू लागते. आमच्यासारख्या नवख्यांसाठी ऑगस्टचा शेवटचा आठवडा बरा, असा सल्ला मिळाला. त्यासाठी रजा साठवून ठेवणे आणि आपल्या तासांची बदली व्यवस्था आधी करून ठेवणे हाही नियोजनाचाच भाग. मुलांचा अभ्यास बुडवून केलेली सफर आम्हाला गोड लागणार नाही.

शिक्षक म्हणून या नदीची आणखी एक गोष्ट आमच्या मनाला भिडली. हिवाळ्यात झांस्कर गोठते. तिच्या बर्फाच्या थराला तिकडे 'चादर' म्हणतात. खिंडी बंद झाल्या की वर्षानुवर्षे हीच चादर गावकऱ्यांचा रस्ता होती. आई-बाप आपल्या मुलांना लेहच्या शाळेत पोहोचवण्यासाठी दिवसचे दिवस या बर्फावरून चालत नेत. आपण ज्या नदीवर हौसेने जाणार, ती तिथल्या मुलांच्या शाळेची वाट होती. मार्च 2024 मध्ये निमू-पदुम-दारचा हा 298 किलोमीटरचा रस्ता जोडला गेला आणि त्या भागाचे दिवस बदलू लागले. या रस्त्यामुळे घळीतून जखमी माणसाला बाहेर काढणेही पूर्वीपेक्षा सोपे होत आहे. तरीही नदी आणि रस्ता सगळीकडे शेजारी नाहीत. कुठल्या टप्प्यावरून रस्ता गाठता येतो हे नकाशावर आधीच खुणावून ठेवले पाहिजे.

उंची चढताना घाई नको

विमानाने थेट लेहला उतरणे सोपे. पण लेह सुमारे 3,500 मीटर उंचीवर आहे. समुद्रकाठच्या माणसाला तिथे पहिल्या दिवशी जिना चढतानाही धाप लागते. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे ही विरळ हवेची लक्षणे. ती वाढत गेली, चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी दम लागू लागला, तर ताबडतोब खाली उतरणे हाच खरा इलाज. 'थोडे सोसू, उद्या बरे वाटेल' हा विचार तिथे जिवावर बेततो.

म्हणून आम्ही रस्त्याने, टप्प्याटप्प्याने जायचे ठरवले. श्रीनगर सुमारे 1,600 मीटरवर, तिथून झोजिला खिंडीतून कारगिल सुमारे 2,700 मीटरवर. कारगिलला दोन रात्री. मग सुरू खोऱ्यातून पानिखरला एक मुक्काम आणि सुमारे 4,400 मीटर उंचीची पेन्सी ला ओलांडून पदुम, ते 3,600 मीटरच्या आसपास. पदुमला पुन्हा दोन रात्री. हा मार्ग निवडण्याचे आणखी एक कारण आहे. कारगिल आणि सुरू खोरे हा बहुसंख्य शिया मुस्लिमांचा प्रदेश. पुढे पदुममध्ये बौद्धांच्या शेजारी पिढ्यान् पिढ्या राहणारी सुन्नी वस्ती आणि जामा मशीद आहे. आम्ही दिवस असे बसवले आहेत की जुमा पदुमला मिळेल. मुसाफिरावर जुमा बंधनकारक नसला तरी त्या मशिदीत, त्या लोकांबरोबर नमाज अदा करण्याची इच्छा सर्वांचीच आहे.

कोणी उतरायचे आणि कोणी नाही

सर्वांत अवघड बैठक हीच झाली. चार घरांतून तेरा जण सफरीला निघणार. सगळ्यांनाच होडीत बसायचे होते. अवघड पाण्याची एक ते सहा अशी आंतरराष्ट्रीय श्रेणी आहे. एक म्हणजे संथ, सहा म्हणजे जवळजवळ अशक्य. झांस्करच्या घळीत तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीचे टप्पे येतात. चौथ्या श्रेणीत होडी उलटू शकते, हे गृहीत धरूनच निघायचे असते.

आम्ही डॉक्टरांना भेटलो. हृदयविकार, नियंत्रणात नसलेला रक्तदाब, दमा, फिट्स येणे, गरोदरपण, खांदा निखळण्याची सवय यांपैकी काहीही असेल तर ही घळ आपली नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. आमच्यातले सर्वांत उत्साही, ज्यांनी हा बेत पहिल्यांदा सुचवला ते आमचे थोरले भाईजान. त्यांना दोन वर्षांपूर्वी हृदयाचा त्रास झाला होता. त्यांना 'तुम्ही नाही' हे कोणी सांगायचे? शेवटी त्यांच्या मुलीनेच सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "मी संगमावर चहा तयार ठेवतो." त्या दिवसापासून सफरीची सगळी हिशेबवही त्यांच्याकडे आहे.

आता वाटणी अशी झाली आहे. सहा जण पूर्ण घळीतून जातील. तीन जण सिंधूवरच्या फे ते निमू या सोप्या टप्प्यावर एक दिवस राफ्टिंग करतील. त्यात पंधरा वर्षांची एक मुलगी आणि तिची आई आहे. उरलेले चौघे, भाईजान धरून, रस्त्याने येतील. निमूच्या संगमावर झांस्करचे गढूळ पाणी आणि सिंधूचे निळसर पाणी बराच अंतर शेजारी-शेजारी वाहताना दिसते. तिथे सगळे भेटतील. सफर सर्वांची, नदी ज्याची त्याच्या ताकदीप्रमाणे.

संयोजकाला काय विचारायचे

घळीतून स्वतःच्या होडीने जाणे हे अनुभवी लोकांचे काम. आपल्यासारख्यांना संयोजक आणि वाटाडे लागतातच. पैशांची बोलणी करण्यापूर्वी आम्ही पुढील प्रश्न विचारले.

वाटाड्यांनी याच नदीवर किती हंगाम काम केले आहे? त्यांनी वेगवान पाण्यातील बचाव आणि प्रथमोपचाराचे शिक्षण घेतले आहे का? सोबत बचावासाठी छोट्या कयाक किती असतील? लाइफ जॅकेट आणि हेल्मेट प्रत्येकाच्या मापाचे मिळेल का? पाणी अतिथंड असते, तर अंगावर घालायचा वेटसूट कोण देणार? घळीत मोबाइल चालत नाही आणि आपल्या देशात सॅटेलाइट फोन सरकारी परवानगीशिवाय वापरता येत नाही, मग संकटात निरोप कसा पोहोचवणार? पाणी जास्त असेल तर निघण्याचा निर्णय कोण घेणार आणि सफर रद्द झाल्यास पैशांचे काय?

एका संयोजकाने सगळ्याला "टेन्शन घेऊ नका" एवढेच उत्तर दिले. आम्ही त्यांचे आभार मानून दुसरीकडे गेलो. ज्यांच्याशी ठरवले, त्यांनी तीन प्रश्नांची उत्तरे लगेच दिली, दोन दिवसांनी उरलेली दिली आणि उलट आमच्या प्रकृतीबद्दल आमच्यापेक्षा जास्त प्रश्न विचारले. विम्याच्या कागदांत साहसी खेळ वगळलेले नाहीत ना, हेही पाहून घ्यावे. बऱ्याच साध्या प्रवास विम्यांत ते वगळलेले असतात.

सराव कोलाडला

झांस्करवर पहिल्यांदा वल्हे हाती धरायचे नाही, असे आम्ही ठरवले. रायगड जिल्ह्यातल्या कोलाडजवळ कुंडलिका नदीवर राफ्टिंग चालते. मुळशी धरणाचे पाणी भिरा येथे वीज तयार करून खाली येते. सकाळी ते सोडले की नदी काही तास वेगाने वाहते. तो बारा-चौदा किलोमीटरचा टप्पा नवख्यांना चांगला.

तिथे आम्ही मुख्यतः पाण्यात पडायला शिकलो. पडल्यावर उताणे व्हायचे, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे आणि बोटे पाण्याच्या वर ठेवायची. वाहत्या पाण्यात उभे राहायचे नाही, कारण पाय दगडांत अडकला तर प्रवाह माणसाला पुढे ढकलून पाण्याखाली दाबतो. बचावाचा दोर फेकला तर तो खांद्यावरून छातीशी धरायचा, हाताला गुंडाळायचा नाही. होडी उलटली तर आधी तिची कडेची दोरी धरायची. वाटाड्याने हाक दिली की कारण न विचारता वल्हे मारायचे आणि 'थांबा' म्हटले की त्याच क्षणी थांबायचे.

कोलाडचे पाणी कोमट. झांस्करचे बर्फाचे. अतिथंड पाण्यात पडल्यावर पहिले एक मिनिट श्वास आवरण्यात जाते. त्या मिनिटात घाबरून तोंड उघडले तर पाणी आत जाते. पुढची सुमारे दहा मिनिटे हातपाय कामाचे राहतात. थंडीने शुद्ध हरपायला साधारण तासभर लागू शकतो. म्हणजे पहिले मिनिट शांत राहणे आणि पुढच्या दहा मिनिटांत बाहेर येणे, एवढेच लक्षात ठेवायचे.

नमाज, वजू आणि किब्ला

आमच्यात कोकणातली दोन घरे शाफई आणि मराठवाड्यातली दोन घरे हनफी आहेत. म्हणून आपापल्या आलिमांना आधीच विचारून घेतले. कसर दोन्हीकडे मान्य आहे. जुहर, असर आणि इशाच्या चार फर्ज रकअतींऐवजी दोन. फजर दोन आणि मगरिब तीन, त्यांत बदल नाही. आमचा एकही मुक्काम इतका लांब नाही की कसर संपेल. शाफई मुसाफिराला दोन नमाजा एकत्र करण्याची सवलत आहे, हनफी मतात ती नाही. पण दिवस नीट आखला तर वादाला जागाच उरत नाही. तिकडे ऑगस्टअखेरीस जुहरची वेळ साडेबाराच्या आत सुरू होते. जेवणासाठी होड्या वाळूवर लागल्या की तिथेच जुहरची जमात. होड्या चारच्या सुमारास मुक्कामी लागतात, मग असर ज्याची त्याच्या वेळेवर.

वजूला नदीचे पाणी चालते. ते राखाडी दिसते ते हिमनद्यांनी दळलेल्या खडकाच्या पिठामुळे. पाणी थंड आहे एवढ्यावरून तयम्मुम करता येत नाही, खरोखर अपाय होण्याची भीती असेल तरच ती सवलत. आम्ही फजरसाठी पाणी रात्रीच थर्मासमध्ये गरम भरून ठेवणार आहोत.

किब्ल्याबाबत एक मजेदार गोष्ट कळली. महाराष्ट्रात आपण पश्चिमेपासून किंचित उत्तरेकडे वळून उभे राहतो. मुंबईत तो फरक सुमारे दहा अंशांचा आहे. लडाख मक्केच्या बरेच उत्तरेला असल्याने तिथे पश्चिमेपासून तेवढेच दक्षिणेकडे वळावे लागते. घळीत सूर्य उशिरा दिसतो आणि लवकर लपतो, म्हणून सोबत होकायंत्र हवे.

बहिणींच्या सोयी

पूर्ण घळीतून जाणाऱ्या सहांत दोन भगिनी आहेत, एक आपल्या शौहरबरोबर आणि एक भावाबरोबर. त्यांनी स्वतःच सगळी चौकशी केली. वेटसूट अंगाला घट्ट बसतो, म्हणून त्यावर पटकन वाळणाऱ्या कापडाचा सैलसर, गुडघ्यापर्यंतचा कुर्ता आणि पायजमा घालायचा ठरला. मात्र ओढणी, सैल पदर, लोंबणारी नाडी नदीत चालत नाही. ती दोरीत किंवा वल्ह्यात अडकून जीव घेऊ शकते. हेल्मेटखाली डोक्याला घट्ट बसणारा, टाचणी न लावता घालायचा हिजाब. स्वतंत्र तंबू आणि कपडे बदलण्यासाठी आडोसा ही अट संयोजकाकडून लिहून घेतली आहे. बहिणींनी मागे राहावे असे कोणी सुचवले नाही, आणि त्यांच्यासाठी सुरक्षिततेचा एकही नियम सैल केलेला नाही.

सामान वाटून ठेवायचे

वाळवंटातल्या नदीवर पाणी भरपूर आणि बाकी सगळ्याचा दुष्काळ. वाटेत दुकान नाही, जळण नाही. जे नेले तेवढेच.

याचा सर्वांत बोलका दाखला अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीचा आहे. तीही वाळवंटी मुलखातून, ग्रँड कॅनियनच्या खोल घळीतून वाहते. 24 मे 1869 रोजी जॉन वेस्ली पॉवेल हे भूशास्त्रज्ञ चार होड्या, नऊ साथीदार आणि दहा महिन्यांची शिधासामग्री घेऊन निघाले. युद्धात त्यांनी उजवा हात कोपराखाली गमावला होता. एक होडी बुडाली तरी उपासमार होऊ नये म्हणून त्यांनी अन्न होड्यांत वाटून ठेवले होते. उंची मोजायची वायुभारमापके मात्र सगळी एकाच होडीत राहिली आणि 9 जून रोजी नेमकी तीच होडी खडकावर फुटली. दुसऱ्या दिवशी ती मापके कशीबशी परत मिळवली. पुढे ओल लागून अन्न सडत गेले. शेवटी थोडे पीठ आणि सुकवलेली सफरचंदे उरली. एक जण आधीच सोडून गेला होता. 28 ऑगस्टला एका भयंकर धबडग्यापाशी आणखी तिघे नदी सोडून वाळवंटातून चालत निघाले, ते परत आले नाहीत. उरलेले सहा जण दुसऱ्याच दिवशी घळीबाहेर पडले.

यातून आमची यादी तयार झाली. एकच वस्तू एकाच होडीत ठेवायची नाही. औषधे दोन ठिकाणी, कागदपत्रे दोन ठिकाणी, शिधा प्रत्येक होडीत थोडा थोडा, सगळे पाणी न शिरणाऱ्या पिशव्यांत. घळीत मांस टाळून डाळ-तांदूळ, अंडी, खजूर आणि सुका मेवा. हलाल मांसाची हौस कारगिलमध्ये आणि लेहच्या बाजारात भागेल. पिण्याचे पाणी निवळून, गाळून आणि उकळून.

घाण हाही सामानाचाच भाग आहे. पाण्याचे ठिकाण, रस्ता आणि सावली या जागी शौच करू नये, ही प्रेषितांची (स.) शिकवण. वाहत्या पाण्याशीही वजूत उधळपट्टी नको, हेही आपण लहानपणापासून ऐकतो. कोरड्या थंड हवेत कचरा लवकर कुजत नाही. म्हणून शौचासह सगळा कचरा बंद डब्यांत निमूपर्यंत नेण्याची अट आम्ही घातली आहे. साबण नदीत नाही, काठापासून दूर वापरायचा.

निघण्यापूर्वी

तिघे जण सफरीला निघाले तर त्यांनी एकाला अमीर करावे, अशी हदीस आहे. आम्ही एका शांत स्वभावाच्या बहिणीच्या शौहरना अमीर नेमले आहे. पाण्यावर मात्र अमीरांनीही वाटाड्याचेच ऐकायचे.

प्रत्येकाने देणी-घेणी लिहून, अमानती परत करून, वसीयत घरच्यांच्या हाती द्यायची आहे. आई-वडील हयात आहेत त्यांनी त्यांची रजामंदी घ्यायची आहे. एका अम्मीजाननी होकार दिला तो "रोज पोहोचल्याचा निरोप दे" या अटीवर. घळीतून निरोप देता येत नाही हे त्यांना आधीच नीट समजावले. किती दिवस फोन येणार नाही, कुठल्या तारखेपर्यंत काळजी करायची नाही आणि त्यानंतर कोणाला विचारायचे, हे कागदावर लिहून चारही घरांत लावले आहे.

आणि माघारीचे नियमही आताच ठरवले आहेत, कारण काठावर उभे राहिल्यावर, पैसे भरलेले असताना आणि सगळे तयार असताना 'नको' म्हणणे फार जड जाते. पदुमला कोणाची विरळ हवेची लक्षणे दोन रात्रींनंतरही उतरली नाहीत तर तो नदीवर येणार नाही. वाटाडे म्हणाले पाणी जास्त आहे, तर घळ सोडायची आणि रस्त्याने चिलिंग गाठून तिथून निमूपर्यंतचा एक दिवसाचा छोटा टप्पा करायचा. तोही नको म्हणाले तर संगमावर बसून भाईजानांचा चहा प्यायचा. सहांपैकी कोणालाही, कुठल्याही सकाळी, कारण न देता होडीत न बसण्याचा हक्क आहे आणि त्याला कोणी टोमणा मारणार नाही. या शेवटच्या नियमावर तेराही जणांनी सही केली आहे, पंधरा वर्षांच्या मुलीनेसुद्धा.

ऑगस्टअखेरीस निघायचे आहे, इन्शाअल्लाह. वाचक बंधू-भगिनींनी आमच्यासाठी दुआ करावी.